कुलर, हॉर्न आणि मधे आजीचं बोलणं : गोंगाटातलं रेकॉर्डिंग समजेल असं कसं करायचं

खानदेशात अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आलेल्या बाया झोक्यावर गाणी म्हणतात, कोणीतरी बाजूला उभं राहून मोबाईलवर रेकॉर्ड करतं, आणि दिवस वैशाखाचे, जळगाव-भुसावळकडे पारा ४५ ला टेकलेला, म्हणजे घरातल्या रेकॉर्डिंगमधे मागे कुलर असणारच. मग ती क्लिप फॅमिली ग्रुपवर येते आणि सुरतेला, पुण्याला असलेली पोरं विचारतात की अरे आजी नेमकं म्हणतेय काय. हा लेख त्या पोरांसाठी, आणि ज्यांच्याकडे गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती, कानबाईची गाणी, वहीगायन असली लोकगाणी, ग्रामसभेचं रेकॉर्डिंग असं काही आहे पण "ऐकूच येत नाही भो" म्हणून तसंच पडलंय, त्यांच्यासाठी. साऊंड इंजिनिअर असायची गरज नाही. साधा लॅपटॉप, वायरचा हेडफोन आणि ऑडॅसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर, एवढ्यात बरंच होतं.

आधीच सांगतो, आवाज स्वच्छ वाटणं वेगळं आणि शब्द समजणं वेगळं. नवीन माणूस पहिल्या दिवशी नॉईज रिडक्शनचं बटण सापडलं की ते शेवटपर्यंत ओढतो, कुलर गायब होतो, तो खूश, आणि आजीचं बोलणं पाण्याखालून आल्यासारखं झालेलं असतं. यावर रीतसर अभ्यासही झालाय. यी हू आणि फिलिपोस लोइझू यांनी २००७ मधे आवाजातला नॉईज कमी करायच्या आठ पद्धती माणसांना ऐकवून तपासल्या, आणि एखादा अपवाद सोडला तर कुठल्याच पद्धतीने लोकांना जास्त शब्द समजले नाहीत. नंतर न्यूरल नेटवर्कवाली, म्हणजे एआयवाली, टूल्स आली, त्यांनी बराच फरक पडला, त्यावर पुढे बोलू. पण मुद्दा तोच राहतो की प्रत्येक पायरीला स्वतःला एकच प्रश्न विचारायचा, या बदलाने शब्द जास्त समजले का कमी? कुलर किती गेला हा प्रश्नच नाही.

शब्द कुठे असतो ते आधी बघू

हे दोन मिनिटं वाचा, मग पुढची सगळी बटणं आपोआप कळतील. आपण बोलतो त्यातला जोर जवळजवळ सगळा स्वरांमधे असतो, आ, ई, ओ वगैरे, आणि तो खालच्या फ्रिक्वेन्सीत, म्हणजे जाड सुरात असतो. पण कोणता शब्द आहे हे ठरवतं व्यंजन, आणि व्यंजनं बिचारी हळू आवाजाची असतात, क्षणभराची असतात आणि बरीचशी वरच्या पट्ट्यात असतात, साधारण २००० ते ४००० हर्ट्झ (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं) आणि त्याच्याही वर. आपल्या अहिराणी बोलीतच बघा ना, तठे (तिथे) आणि जठे (जिथे) यात फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा. काय, जाय, खाय, यातला "आय" कुलरच्या वर सहज ऐकू येतो, हरवतो तो क, ज, ख. म्हणून गोंगाटातलं रेकॉर्डिंग ऐकताना असं वाटतं की आवाज तर येतोय पण समजत काहीच नाही.

जुना लँडलाईन फोन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पाठवायचा. तेवढ्यात बोलणं समजायचं, पण स आणि फ मधे गोंधळ व्हायचा कारण स चा बराचसा जोर ४००० च्या वर असतो. आणि गंमत म्हणजे पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झ असतो, म्हणजे फोन तो पाठवतच नव्हता, तरी पलीकडे काका बोलताहेत का काकू हे कळायचं. कान तो सूर वरच्या पट्ट्यांवरून स्वतः जुळवून घेतो. यातून आपल्या कामाचं काय निघतं, तर खालचा भाग बराच कापला तरी शब्दाचं काही बिघडत नाही, वरचा कापला की बिघडतं.

अजून एक. खालच्या फ्रिक्वेन्सीचा मोठा आवाज वरच्या फ्रिक्वेन्सीचा बारीक आवाज कानात झाकून टाकतो, उलटं तेवढं होत नाही. म्हणजे ट्रॅक्टरची धडधड त्या त आणि क च्या पट्ट्यात नसली तरी त्यांना झाकते. त्यामुळे नुसती खालची घरघर कापली तरी वरचे शब्द जरा उघडे पडतात.

मूळ फाईल मिळवा

ग्रुपवर फिरून आलेली क्लिप घेऊन बसू नका. व्हॉट्सअॅप व्हिडिओ पाठवताना आवाजही दाबून लहान करतं, आणि त्यात सगळ्यात आधी वरच्या पट्ट्याचीच वाट लागते. ज्याने रेकॉर्ड केलं त्याला फोन करा आणि सांगा की गॅलरीतून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव. किंवा ड्राईव्हवर टाक. ही एक पायरी नीट केली तर पुढचे दोन तास वाचतात, खरंच सांगतो.

फाईल आली की तिची एक कॉपी काढा आणि मूळ फाईलला हात लावू नका. रेकॉर्डिंग भांडण-तंट्याचं असेल, पोलीस-कोर्टात लागू शकेल असं असेल, तर मूळ फाईल ज्या फोनमधे आहे तो फोनसुद्धा तसाच ठेवा आणि साफ केलेली कॉपी फक्त स्वतःला ऐकायला वापरा.

ऑडॅसिटीत फाईल ओढून टाकली की उघडते. विंडोजवर फोनची एमफोरए फाईल किंवा व्हिडिओ उघडला नाही तर एफएफएमपेग नावाची लायब्ररी वेगळी टाकावी लागते, ऑडॅसिटी स्वतःच तसं सांगतं. उघडलं की वर-खाली दोन पट्ट्या दिसल्या तर ती स्टिरिओ आहे, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूचा आवाज वेगळा. दोन्ही बाजू वेगवेगळ्या ऐका, स्प्लिट स्टिरिओ टू मोनो करून एकेक बंद करा. पुष्कळदा फोनचा एक माईक आजीकडे आणि दुसरा कुलरकडे असतो, तेव्हा चांगली बाजू ठेवायची आणि दुसरी सरळ उडवायची, इफेक्ट एकही न लावता निम्मं काम झालेलं असतं. दोन्ही बाजू सारख्याच वाईट असतील आणि ऐकणारा हेडफोनवर ऐकणार असेल तर मात्र स्टिरिओ राहू द्या, कारण दोन कान असले की मेंदू गर्दीतून एक आवाज वेगळा काढू शकतो. कॉलिन चेरी यांनी १९५३ मधे यावर प्रयोग केले होते. पंगतीत दहा जण बोलत असताना शेजारच्याचं नीट कळतं आणि त्याच पंगतीचं एका माईकवरचं रेकॉर्डिंग कळत नाही, त्याचं एक मोठं कारण हे.

नॉईज ओळखा, मगच औषध

हेडफोन लावा आणि काहीही न करता पूर्ण एकदा ऐका. वहीवर वेळ टाकत जा, २:१० हॉर्न, ३:४० कुत्रं, ५:०० पासून कुलर फास्ट, असं. कंटाळा येतो पण करा. मग ट्रॅकच्या मेनूतून वेव्हफॉर्मच्या, म्हणजे नेहमीच्या लाटांच्या चित्राच्या जागी स्पेक्ट्रोग्राम निवडा. आता आडवा वेळ आणि उभी फ्रिक्वेन्सी, जिथे रंग भडक तिथे आवाज जास्त. सेटिंगमधे वरची हद्द ८००० हर्ट्झ ठेवली तर बोलण्याचा भाग मोठा दिसतो.

यात थोडा वेळ घालवा, डोळ्याला सवय झाली की मजा येते. बोलणं म्हणजे खालून वर रचलेल्या लाटांसारख्या रेघा, स आणि श म्हणजे वरच्या बाजूला धुराचे ढग, विजेची गुणगुण म्हणजे तळाशी सरळ आडवी रेघ जी सुरुवातीपासून शेवटपर्यंत हलत नाही, मोटारसायकलचा हॉर्न म्हणजे एकावर एक ठेवलेल्या सरळ काड्या, आणि कुलर म्हणजे सगळीकडे पसरलेली धूळ जी खाली जाड आणि वर विरळ.

कुलर, पंखा, एसी, लांबची मोटर असा एकसारखा चालणारा आवाज सगळ्यात सोपा. हॉर्न, भांडं, कुत्रं हे अधूनमधून येणारे आवाज हाताने करावे लागतात. पत्र्याच्या शेडमधे किंवा रिकाम्या सभामंडपात घुमलेला आवाज अवघड. मागे दुसरी माणसंच बोलताहेत हे सगळ्यात अवघड, कारण ज्या पट्ट्यात आजी त्याच पट्ट्यात बाकीच्या बाया, फिल्टरला कसं कळणार कोण आपली. आणि डीजेसमोर रेकॉर्ड केलेलं, ज्यात वेव्हफॉर्मची डोकी वर-खाली सपाट कापली गेलीत, ते जवळजवळ गेलंच समजा. क्लिप फिक्स नावाचा इफेक्ट आहे, थोडं कापलं गेलं असेल तर चालतो, लग्नाच्या वरातीला त्याचा काही उपयोग नाही.

खालचं कापा

पहिला इफेक्ट हाय-पास फिल्टर, दिलेल्या आकड्याच्या खालचं कापणारा. सगळा ट्रॅक सिलेक्ट करा, फ्रिक्वेन्सी १०० हर्ट्झ, रोल-ऑफ (किती झपाट्याने कापायचं ते) २४ डेसिबल, लावा, ऐका. डेसिबल म्हणजे आवाज किती मोठा याचं माप. वाऱ्याची फडफड, फोन हातात धरल्याची खडखड, ट्रॅक्टरची धडधड यातलं बरंच जातं. नेटवरच्या बऱ्याच व्हिडिओत ८० च्या वर जाऊ नका असं सांगतात, ते स्टुडिओतल्या गाण्याच्या रेकॉर्डिंगसाठी बरोबर आहे. आपल्याला इथे शब्द हवेत, त्यामुळे आवाज फारच घाण असेल तर बिनधास्त १५० किंवा २०० पर्यंत जा, बाईचा आवाज असेल तर १५० ला कापलेलं कळतही नाही. आवाज पातळ होईल, रेडिओसारखा, होऊ द्या. झोक्यावरच्या गाण्याला मात्र १०० च ठेवा, तिथे गोडवाही पाहिजे.

मग गुणगुण. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चार्जर लावून किंवा स्वस्तातल्या अॅम्प्लिफायरवरून घेतलेल्या रेकॉर्डिंगमधे ५०, १००, १५०, २०० अशा रेघा दिसतात. अमेरिकेतल्या लोकांनी लिहिलेल्या लेखांमधे ६० लिहिलेलं असतं, ते तसंच्या तसं उचलू नका. एकच बारीक पट्टी कापणारा नॉच फिल्टर उघडा, ज्या रेघा दिसताहेत तेवढ्याच आकड्यांवर एकेक करून लावा, आणि क्यू चा आकडा १० च्या वर ठेवा म्हणजे बारीकशी पट्टीच कापली जाते. क्यू १ ठेवला तर शेजारचा पाजारचा पण जातो. १०० च्या खाली हाय-पासने आधीच कापलंय, तिथे परत मेहनत नको.

नॉईज रिडक्शन, हलक्या हाताने

इथे लोक जास्त बिघडवतात म्हणून जरा सविस्तर. हा इफेक्ट काय करतो, तर तुम्ही त्याला आधी नुसत्या कुलरचा नमुना ऐकवता, तो आवाजाचे शेकडो बारीक पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्यात कुलर किती आहे ते लक्षात ठेवतो, आणि मग पूर्ण रेकॉर्डिंगमधे ज्या क्षणी ज्या पट्ट्यात आवाज त्या मापाच्या आसपास किंवा खाली असेल तिथे तो पट्टा दाबतो. बोलणं वर असेल तिथे सोडून देतो. आता अडचण कळली का? त, क, प ही हळू व्यंजनं पुष्कळदा कुलरच्याच मापाची असतात, त्याला ती कुलरच वाटतात. पिठाची चाळणी फार बारीक घेतली की कोंड्याबरोबर पीठही वरच राहतं, तसा प्रकार.

करायचं असं. जिथे कोणीच बोलत नाही, श्वाससुद्धा नाही, फक्त कुलर आहे असा अर्धा-एक सेकंदाचा तुकडा शोधा. गाण्याच्या दोन ओळींच्या मधे, किंवा रेकॉर्डिंग सुरू झाल्या झाल्या "बोल आजी" म्हणायच्या आधी तो सापडतो. तेवढा सिलेक्ट करून नॉईज रिडक्शन उघडा आणि गेट नॉईज प्रोफाईल दाबा. आता पूर्ण ट्रॅक सिलेक्ट करून तोच इफेक्ट परत उघडा. पहिला आकडा किती डेसिबल दाबायचं त्याचा, ६ पासून सुरू करा, १२ च्या वर सहसा जाऊ नका. सेन्सिटिव्हिटी जितकी वाढवाल तितका तो जास्त गोष्टींना नॉईज समजेल, ती मधेच ठेवा.

आणि लावायच्या आधी तिथे रेसिड्यू नावाचा पर्याय आहे, तो निवडून प्रिव्ह्यू ऐका. हा उलटा आवाज आहे, म्हणजे जे काढून टाकलं जाणार आहे तेवढंच ऐकू येतं. त्यात नुसती कुलरची घरघर असेल तर उत्तम. त्यात आजी कुजबुजल्यासारखी ऐकू आली, शब्दांचे तुकडे ऐकू आले, तर तुम्ही पीठ फेकताय, आकडा कमी करा. मला विचाराल तर पूर्ण ऑडॅसिटीत नवख्याच्या सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे आणि बहुतेक व्हिडिओत ती सांगतच नाहीत.

जास्त दाबलं की मागे टुंई-टुंई, पाण्याचे बुडबुडे फुटल्यासारखा आवाज यायला लागतो. त्याला म्युझिकल नॉईज म्हणतात, आणि तो आजचा रोग नाही. स्टीव्हन बोल यांनी १९७९ मधे आवाजातून नॉईजचा पट्टा वजा करायची पद्धत मांडली तेव्हापासून तो यात आहे. फ्रिक्वेन्सी स्मूदिंगचा आकडा थोडा वाढवला तर कमी होतो, पण खरा उपाय म्हणजे कमी दाबणं. मागे जरा कुलर राहू द्या. कानाला एकसारख्या आवाजाची सवय होते, बुडबुड्यांची होत नाही.

कुलरचा स्पीड मधेच बदलला असेल, लाईट जाऊन आली असेल, तर एका नमुन्यावर पूर्ण रेकॉर्डिंग करू नका. तिथून तुकडा पाडा आणि दुसऱ्या भागाला त्याच भागातला नमुना द्या.

हॉर्न, भांडी आणि कुत्रं

इथे मोह होतो की हॉर्न वाजला तेवढा तुकडा पूर्ण सायलेंट करावा. नका करू. रिचर्ड वॉरेन या संशोधकाने १९७० मधे एक प्रयोग छापला, वाक्यातला एक ध्वनी कापून त्याजागी खोकला टाकला, आणि ऐकणाऱ्यांना तो कापलेला ध्वनी ऐकू आल्यासारखाच वाटला, नेमकं काय गेलंय ते त्यांना सांगता येईना. तिथे नुसती शांतता ठेवली की मात्र लगेच कळतं की काहीतरी कापलंय. मेंदू असा विचार करतो की शब्द आहे पण खोकल्यामागे लपलाय, आणि स्वतः भरून घेतो. शांतता दिसली की तो भरत नाही.

म्हणून हॉर्न १०-१५ डेसिबलने खाली आणा, बास. तेवढाच तुकडा सिलेक्ट करून अॅम्प्लिफायमधे उणे आकडा टाका, किंवा एन्व्हलप टूलने तिथे खड्डा पाडा. बोलणं नसलेल्या जागी हॉर्न असेल तर त्यावर शेजारचा नुसत्या कुलरचा तुकडा कॉपी करून चिकटवा, जोड कळतही नाही. याच कारणाने नॉईज गेट नावाचा जो इफेक्ट असतो, जो बोलणं थांबलं की सगळंच बंद करतो, तो मला मुलाखतींना अजिबात आवडत नाही. शब्दाचं शेपूट कापतो, आणि आपल्याकडे क्रियापद शेवटी, म्हातारी माणसं वाक्याच्या शेवटी आवाज खाली सोडतात, म्हणजे करतो का नाही करत हेच नेमकं उडतं.

वरचं उचला, मग हळू-मोठा सारखा करा

आता फिल्टर कर्व्ह ईक्यू, म्हणजे कुठला पट्टा किती वर-खाली करायचा ते रेघ ओढून ठरवायचा इफेक्ट. २०००ते ४००० हर्ट्झच्या मधे ३ ते ६ डेसिबलची हलकी टेकडी करा, आणि आवाज मडक्यातून आल्यासारखा असेल तर २०० ते ४०० च्या मधे ३ डेसिबल खाली. एवढ्याने शब्दाला धार येते. वर फार उचललं तर खरखरही उचलली जाते, मग ८००० च्या वरचं लो-पासने (हाय-पासच्या उलटा, वरचं कापणारा) कापा, तिथे शब्द समजायला लागणारं तसंही फार काही नसतं. ५००० वर नका कापू, स जाईल.

मग लेव्हल. मुलाखत घेणारा नातू फोनच्या जवळ, त्याचा आवाज तोफेसारखा, आणि आजी खाटेवर लांब. आधी हाताने नातवाचे प्रश्न खाली आणा, मग कंप्रेसर लावा, रेशो ३ च्या आसपास. कंप्रेसर मोठं दाबतो आणि मग सगळंच वर घेता येतं, त्यामुळे मधल्या शांततेतला कुलरही वर येतो, म्हणूनच तो नॉईज रिडक्शनच्या नंतर लावायचा, आधी नाही. शेवटी नॉर्मलाईज करून सगळ्यात उंच टोक उणे १ डेसिबलवर आणा (० ही वरची हद्द, म्हणून आकडे उणे).

आजी फार भरभर बोलत असेल किंवा नातवंडांना अहिराणीची सवय राहिली नसेल, तर चेंज टेम्पोने वेग १० टक्के कमी करा, सूर तोच राहतो. याला कोणी ऑडिओ क्लीनिंग म्हणत नाही, पण समजण्यासाठी पुष्कळदा फिल्टरपेक्षा हे जास्त कामी येतं. त्याहून जास्त हळू केलं की बोलणं ओढल्यासारखं होतं.

एआयवाली टूल्स वापरायची का

वापरा, पण डोळे उघडे ठेवून. आरएननॉईज (RNNoise) हे ज्याँ-मार्क व्हॅलँ यांनी केलेलं छोटं, मोफत मॉडेल, हलकं आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. अॅडोबी पॉडकास्टचं एन्हान्स स्पीच ब्राऊझरमधे चालतं, फाईल अपलोड केली की काही मिनिटांत स्टुडिओत बोलल्यासारखी होऊन येते. घुमलेला आवाज, पत्र्याचं शेड, याला जुन्या फिल्टरांकडे काही इलाज नव्हता, इथे ही टूल्स खरंच पुढे आहेत.

पण ही मॉडेलं शिकलेली असतात दुसऱ्याच भाषांच्या भरपूर रेकॉर्डिंगवर. अहिराणी, तावडी, लेवा गणबोली, पावरी या बोलींचं रेकॉर्डिंग त्यांच्या शिकवणीत किती असणार. आणि जोरदार टूल नुसता नॉईज काढत नाही, आवाज पुन्हा बांधतं, जिथे त्याला कळलं नाही तिथे त्याच्या अंदाजाने काहीतरी गुळगुळीत भरतं. घाण आवाजात निदान कळतं की इथे शब्द गेलाय. गुळगुळीत आवाजात चुकीचा शब्दही आत्मविश्वासाने ऐकू येतो. बोलीचा अभ्यास म्हणून रेकॉर्डिंग ठेवत असाल तर ही फार मोठी भानगड आहे. गाण्याचं तर विचारूच नका, लांबवलेला सूर, टाळ्या, हुंकार यांना काही टूल्स नॉईज समजून खाऊन टाकतात.

माझी पद्धत सांगतो. एआयने साफ केलेला ट्रॅक आणि हाय-पास लावलेला मूळ ट्रॅक ऑडॅसिटीत एकाखाली एक ठेवायचे, दोन्ही नेमके जुळवायचे, आणि साफ केलेला वर, मूळ त्याच्या ८-१० डेसिबल खाली. मूळ आवाजातली बारीक व्यंजनं आणि जागेचा थोडा वास परत येतो, बुडबुडे झाकले जातात. जुळवताना मिलीसेकंदांचाही फरक राहिला तर आवाज डबड्यातून आल्यासारखा होतो, झूम करून एकाच टाळीचं किंवा भांड्याचं टोक जुळवा.

आणि ऑनलाईन टूलवर टाकलेली फाईल दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाते. घरातल्या वाटणीची चर्चा, कोणाच्या आजारपणाचं बोलणं असं काही तिथे टाकू नका, त्याला लॅपटॉपवरच चालणारं टूल घ्या.

तपासायचं कसं

स्वतःच्या कानावर विश्वास ठेवू नका. तीच ओळ तासभर ऐकल्यावर तुम्हाला ती पाठ झालेली असते, कुठल्याही सेटिंगला स्पष्टच वाटते. ज्याने ती क्लिप कधी ऐकली नाही पण ज्याला बोली येते अशा माणसाला पकडा, मावशी, शेजारचे काका, कोणीही. अर्ध्या मिनिटाचा तुकडा एकदाच ऐकवा आणि ऐकलेलं बोलायला सांगा, तुम्ही लिहा. मूळ आवाजासाठी एक माणूस, साफ केलेल्यासाठी दुसरा, कारण एकालाच दोन्ही ऐकवले तर दुसऱ्या वेळी त्याला आधीचं आठवतं. कुठल्यात शब्द जास्त बरोबर आले ते बघा. साफ केलेल्यात कमी आले तर काहीतरी जास्त झालंय, नॉईज रिडक्शन काढून परत बघा, बहुतेक वेळा तोच गुन्हेगार असतो. दोन्ही तुकड्यांची लेव्हल सारखी ठेवायला विसरू नका, नाहीतर जो मोठा तोच चांगला वाटतो. आणि हेडफोनवर झालं की फोनच्या स्पीकरवर पण ऐका, कारण शेवटी आजीची गाणी लोक स्वयंपाकघरात फोन टेकवूनच ऐकणार.

काही शब्द कशानेच येत नाहीत. तिथे बोलीतलाच जाणता माणूस बसवून लिहून घ्या आणि व्हिडिओवर सबटायटल टाका. कळलं नाही तिथे टिंबं द्या, अंदाजाने शब्द घालू नका. सबटायटल वाचत ऐकलं की तोच घाण आवाज अचानक स्पष्ट वाटायला लागतो, हा अनुभव घेऊन बघा.

पुढच्या वेळी रेकॉर्ड करताना

दहा इफेक्टपेक्षा फोन जवळ नेणं भारी. बोलणाऱ्यापासून फोनचं अंतर निम्मं केलं की तिचा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो आणि कुलर आहे तेवढाच राहतो. चार फुटांवरून एक फुटावर आणलात तर १२ डेसिबल, एवढं कुठलंही नॉईज रिडक्शन शब्द न खाता देत नाही. वायरचा कॉलर माईक पदराला लावला तर सोन्याहून पिवळं, फक्त बांगड्या आणि पदराची सळसळ सांभाळा. फोन एअरप्लेन मोडवर, केसचं झाकण माईकवर नको, आणि बाहेर मळ्यात असाल तर वाऱ्याला पाठ.

कुलर बंद केला की पाच मिनिटांत घाम येतो, मान्य, पण गाणं तीन मिनिटांचंच असतं. अगदीच जमत नसेल तर स्पीड कमी करा आणि फोन कुलरच्या बाजूला न ठेवता बोलणाऱ्याच्या अंगाआड घ्या. गोंगाटात माणूस आपोआप ओरडून बोलतो, एतिएन लोम्बार यांनी १९११ मधे हे दाखवलं होतं आणि तेव्हापासून त्याला त्यांचंच नाव आहे. कुलर बंद झाला की आजीही तिच्या नेहमीच्या आवाजात येते आणि गोष्ट गोष्टीसारखी सांगते.

लेव्हलचं मीटर दिसत असेल तर उंच टोकं उणे १२ च्या आसपास राहू द्या, झोक्यावर सगळ्या जणी एकदम सुरू झाल्या की कापलं जायला नको. आणि बोलणं सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना गप्प बसवून दहा सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करा, नॉईज प्रोफाईलसाठी तोच तुकडा लागतो.

सेव्ह करताना पूर्ण साफ केलेली फाईल वेव्ह फॉर्मॅटमधे ठेवा, ग्रुपवर पाठवायला त्याची मोनो एमपीथ्री, ९६ किंवा १२८ केबीपीएस पुरे, आणि तीही डॉक्युमेंट म्हणून. फाईलच्या नावात गाव, कोण बोलतंय, तारीख टाका, मूळ आणि साफ असं वेगळं लिहा, आणि दोन्ही फायली दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, एक लॅपटॉपवर आणि एक पेनड्राईव्हवर किंवा ड्राईव्हवर.